सोळा सोमवार आणि सव्वीस मैल

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "हॉस्पिटलातले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळी अंक आहे, वाचकांना हसू आलं पाहिजे." मी वहीत तीन गमतीदार अनुभव लिहून काढले. पहिला, चामडी बूट काढायला साफ नकार देणाऱ्या एका काउबॉयचा. दुसरा, स्वतःची कुबडी दुसऱ्याला देऊन लंगडत घरी गेलेल्या आजीबाईंचा. तिसरा आता आठवत नाही. कारण लिहायला बसले की दर वेळी चौथीच गोष्ट डोक्यात येते आणि माझं डोकं तापतं. तेव्हा वाचकांनी माफ करावं. हा लेख रागाचा आहे.

माझा व्यवसाय आधी सांगते, कारण आपल्या लोकांना तो नीट कळत नाही. मी फिजिओथेरपिस्ट. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात सतरा वर्षं नोकरी करते आणि जवळच शुगर लँडला राहते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी काकू हमखास विचारतात, "म्हणजे मालिश का गं?" मालिश नव्हे. माणूस दारातून आत येतो, खुर्चीपर्यंत चालतो, तेवढ्यात त्याचं कुठे बिघडलंय ते मला समजावं लागतं. तो सांगतो त्यावर विसंबून चालत नाही. पेशंट खोटं बोलतात. वाईट हेतूने नव्हे, लाजेने बोलतात. तेलविहिरीवर काम करणारा एक धिप्पाड माणूस माझ्याकडे पाठीसाठी यायचा. व्यायामासाठी मी त्याला घरी रबराची लांब पट्टी दिली होती. "रोज करतो, मॅडम, दोनदा करतो," असं तीन आठवडे सांगत होता. चौथ्या आठवड्यात पट्टी आणायला लावली. कारखान्यातून येते तेव्हा तिच्यावर असते ती पांढरी पावडर तशीच्या तशी होती. पट्टी त्याच्या मांडीवर ठेवली आणि हात झटकले. त्या दिवसापासून तो व्यायाम करायला लागला.

असं पकडण्यात माझा हात धरणारं आमच्या विभागात कोणी नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण सोळापैकी अकरा आठवडे माझ्या नाकासमोर पळत होती आणि मला काही कळलं नाही, म्हणून सांगते.

नलिनी आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नागपूरची एम.एस्सी., केमिस्ट्रीत पहिली. इथे आल्यावर दोन मुली आणि एक स्टेशन वॅगन, एवढीच तिची केमिस्ट्री उरली होती. नवरा शरद पाइपलाइनचा इंजिनिअर. माणूस वाईट नाही, हे मला दर वेळी स्वतःला बजावावं लागतं. चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मंडळाची पिकनिक होती. मी त्याआधी दोन मॅरेथॉन पळले होते, त्यावरून चेष्टा चालली होती. कोणीतरी म्हणालं, "आता नलूलाही शिकवा." त्यावर शरद म्हणाला, "नलू? अहो, ती गॅरेजपासून मेलबॉक्सपर्यंत पळाली तरी अँब्युलन्ससाठी नाइन-वन-वन फिरवावा लागेल!"

वीस-पंचवीस माणसं हसली. मीही हसले, हे आधीच कबूल करते. नलिनी तेव्हा भाजलेली कणसं वाटत होती. तीही हसली आणि पुढच्याला कणीस दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला नलिनीचा फोन.

"विजू, ती मॅरेथॉन कधी असते?"

"जानेवारीत. का?"

"मला पळायचंय. तू शिकवणारेस. शरदला आत्ताच सांगू नकोस."

मॅरेथॉन म्हणजे सव्वीस मैलांहून थोडं जास्त, बेचाळीस किलोमीटर. दादरहून निघून पायी जवळजवळ कल्याण गाठायचं. बाहेरच्यांना वाटतं, त्यासाठी जोरात पळायला शिकावं लागतं. उलट, सावकाश पळायला शिकावं लागतं. आठवड्यातून एक दिवस लांब पल्ला, बोलता येईल इतक्या धिम्या गतीने, आणि दर आठवड्याला त्यात थोडी भर. बाकी दिवस छोटी पळापळ. आणि विश्रांती. स्नायू पळताना बनत नाहीत, पळून झाल्यावर खाऊन-झोपून बनतात. हे मी तिला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलं.

आधी सहा आठवडे नुसतं चालवलं, मधूनमधून पळवलं. मग सप्टेंबरअखेरीपासून सोळा आठवड्यांचा तक्ता केला. दोन प्रती, एक तिच्या फ्रिजवर, कारण तोवर तिने शरदला सांगून टाकलं होतं, आणि एक माझ्या वहीत. रकाने असे: मैल, मिनिटं, नाडी, झोप, दुखणं कुठे, पाणी किती, बुटांचे एकूण मैल. लांब पल्ला रविवारी. मंगळ, बुध, शुक्र छोटी पळापळ. सोमवार सुट्टी. लांब पल्ला खरं तर शनिवारी बरा, मला स्वतःला तोच सोयीचा होता. पण शनिवारी शरदचं टेनिस असायचं आणि मुलींना नाचाच्या क्लासला नलिनी न्यायची. मी कोणाला विचारलंसुद्धा नाही. तक्त्यात 'रवि' लिहून मोकळी झाले.

आपल्या बायकांचा भरवसा नाही म्हणून खाण्याचंही विचारलं होतं. नवरात्र तोंडावर आलं होतं.

"नवरात्राचे उपवास करतेस का?"

"नाही गं."

"नक्की?"

"सासूबाई करतात. मी नाही."

मी वहीत खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

नलिनी उत्तम पळायची. टेक्ससमध्ये ऑक्टोबर म्हणजे पहाटेसुद्धा ओल्या टॉवेलसारखी हवा. लॉनवरचे स्प्रिंकलर चुकवत, कुत्र्यांना दटावत आम्ही पळायचो. ती नागपूरची असल्याने उन्हाला घाबरायची नाही. सहा मैल, आठ मैल, दहा. रविवारी ती मला किस्से सांगत पळायची. आणि मंगळवारी तीच बाई तीन मैलांत पाय ओढायची. एकदा झालं, दोनदा झालं. सातव्या आठवड्यात मी वहीत आलेख काढला, तर सगळे मंगळवार खड्ड्यात.

"मंगळवारी तुला होतं काय?" मी विचारलं.

"काही नाही. झोप नीट झाली नाही."

"झोपेच्या रकान्यात आठ तास लिहिलंयस."

"मग जास्त झाली असेल."

"नलिनी, चेष्टा करू नकोस. रविवारी पळालीस की दोन दिवस तू स्वतःवर खूश असतेस, म्हणून मंगळवारी अंगचोरी करतेस."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. "हो," म्हणाली, "तसंच असेल."

मग मी मंगळवार आणखी कडक केला. आमच्याकडे टेकडी नाही, सगळं ताटासारखं सपाट. चढ हवा असेल तर फ्रीवेवरचा पूल. मंगळवारी मी तिला तो पूल सहा वेळा चढायला-उतरायला लावायला लागले. आणि पाणी. "पाणी कमी पितेस," म्हणून तिच्यामागे लागले. ती बिचारी सांगितलं तेवढं पाणी पीत राहिली, रकाना भरत राहिली.

अकराव्या आठवड्यात रविवारी अठरा मैल झाले. मंगळवारी, डिसेंबर असून, पुन्हा उकाडा आला होता. पुलाच्या चौथ्या चढावर ती कठड्याला टेकली. "विजू, दोन-दोन गाड्या दिसतायत," म्हणाली आणि खाली बसली. बसली ती कलंडलीच. एक पिकअपवाला थांबला. त्याने आणि मी उचलून तिला त्याच्याच गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं.

इमर्जन्सीतला डॉक्टर विशीतला वाटत होता. रक्त तपासून आला. रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. सलाइन चालू होतं, नलिनी शुद्धीवर होती. त्याने विचारलं, काल काय काय खाल्लं? इंग्रजीत विचारलं म्हणून असेल, तिने इंग्रजीतच खरं सांगून टाकलं. "एकदाच. संध्याकाळी. गव्हाचं गोड असतं एक."

मी फिरून तिच्याकडे बघितलं. काल सोमवार होता.

"चुरमा?" मी मराठीत विचारलं. "अळणी?"

ती छताकडे बघत होती.

"नलिनी, तू सोळा सोमवार करतेयस?"

"हो."

"कधीपासून?"

"तू तक्ता केलास तेव्हापासून. सोळा आठवडे, सोळा सोमवार. म्हटलं, जुळून आलंय."

ज्यांना हे व्रत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सोळा सोमवार दिवसभर उपास, संध्याकाळी शंकराची पूजा, मग कणीक, गूळ आणि तुपाचा चुरमा. मीठ नाही. सतराव्या सोमवारी उद्यापन. मनात काही इच्छा धरून करतात. आता माझ्या बाजूने बघा. रविवारी मी तिच्या अंगातलं मीठ घामावाटे काढत होते. सोमवारी ती ते परत घेत नव्हती. वरून मी तिला पाणी पाजत होते. आणि मंगळवारी पुलावर नेऊन आळशी म्हणत होते.

"इच्छा काय धरलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, डॉक्टर दोन पावलं मागे सरकला.

"मॅरेथॉन पुरी होऊ दे."

"अगं पण त्यानेच तर... मला सांगितलं का नाहीस?"

"तू हसली असतीस."

हसले असते. नक्की हसले असते. पिकनिकला हसले तशीच.

"आता सोड ते व्रत."

"अर्धवट सोडायचं नसतं."

"मग मी सोडते. देवाला सांग, कोच गेली."

"जा," नलिनी म्हणाली. "उरलेले पाच आठवडे मी एकटी पळेन."

तेवढ्यात शरद आला. ऑफिसातून तसाच आला होता, गळ्यात कंपनीचा बिल्ला. चेहरा पांढरा पडलेला. खरोखर घाबरला होता, हे मान्य करते. पण घाबरलेला माणूस पहिलं वाक्य कोणतं बोलतो, त्यावरून तो कळतो. "बस झालं आता हे सगळं," शरद म्हणाला. "वहिनी, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. हिला झेपणारं आहे का हे?"

मी काय बोलणार होते देव जाणे. नलिनीच बोलली. "शरद, लांब पल्ला आता शनिवारी. रविवारी मी जेवणार, सोमवारी उपास, मंगळवारी झोपणार. शनिवारी मुलींना क्लासला तू न्यायचंस."

"शनिवारी माझं टेनिस असतं."

"माहितीय."

एवढंच. सलाइन लावलेल्या हाताने तिने माझा अख्खा तक्ता बदलला, आणि तो माझ्या तक्त्यापेक्षा बरोबर होता. पहिल्याच दिवशी मी 'शनिवार का नको?' एवढं विचारलं असतं, तर देवाचंही भागलं असतं आणि माझंही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, दहा दिवसांनी, आम्ही पुन्हा सुरू केलं. मी परत गेले, अर्थातच. खाण्याचा नवा रकाना काढला. रविवारी ती समोर बसून पापड-लोणच्यासकट जेवायची आणि मी बघायचे. शनिवारी शरद मुलींना घेऊन जायचा. पहिल्या शनिवारी तो त्यांना जुन्याच जागी घेऊन गेला. क्लास तिथून मार्चमध्येच हलला होता. थोरली बारा वर्षांची मीनल गाडीत काही बोलली नाही. घरी येऊन म्हणाली, "आय वॉन्टेड टू सी हाऊ लाँग ही वुड ड्राइव्ह."

जानेवारीतला तो रविवार थंड आणि कोरडा होता, पळायला सोन्यासारखा. ठरल्याप्रमाणे मी अठराव्या मैलापासून तिच्याबरोबर पळायला लागले. तिचा चेहरा बघून मला हायसं वाटलं. गाल लाल, श्वास एकसारखा. विसाव्या मैलाला तर तिने पाणी देणाऱ्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाला विचारलं, "मीठ आहे का?" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

एकविसाव्या मैलानंतर तिचा उजवा पाय वेगळा पडायला लागला. मला आवाजावरून कळलं. डावा टप, उजवा थप.

"नडगी?"

"पोटरी आखडलीय. बाकी काही नाही."

"थांब."

"विजू, थांबले तर..."

"थांब म्हटलं ना!"

नडगीच्या हाडाला पळून पळून बारीक तडा जातो, ती मोठी वाईट गोष्ट. तसं पळत राहिलं तर हाड मोडतंही. ते ओळखायची एक साधी खूण म्हणजे एका पायावर उड्या मारायला लावायच्या. मी तिला रस्त्याच्या कडेला उड्या मारायला लावलं. तिने सहा मारल्या.

"दुखलं?"

"नाही."

"दात आवळलेस."

"थंडी वाजतेय म्हणून! विजू, शपथ, हाड दुखत नाहीये."

"तुझ्या शपथा मला माहीत आहेत," मी म्हटलं.

ते वाक्य मी बोलले. वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. मग मी तिला सांगितलं की मी हे काम रोज करते, मला दिसतंय ते तुला दिसत नाही, हाड मोडलं तर मुलींच्या लग्नात काठी घेऊन उभी राहशील. आणि नलिनीने माझं ऐकलं. वाद घातला असता, माझा हात झटकला असता, तर फार बरं झालं असतं. तिने छातीवरच्या नंबराच्या चारही पिना काढल्या, नंबराची घडी केली आणि मदतपथकाच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली. पावणेपाच मैल उरले होते.

दुसऱ्या दिवशी सतरावा सोमवार होता. तिने उद्यापन केलं, आणि मला बोलावलं. मी गेले. शरद दारातच म्हणाला, "वहिनी, साडेएकवीस मैल म्हणजे काय थोडं आहे? मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, जवळजवळ झालीच म्हणून." तो मनापासून म्हणत होता. त्याच्यात खरंच फरक पडला होता.

"नाही झाली," आतून नलिनी म्हणाली आणि माझ्या हातावर चुरमा ठेवला.

एक्स-रेत काही दिसलं नाही. सुरुवातीला दिसतही नाही. म्हणून दोन आठवड्यांनी बोन स्कॅन झाला. माझ्याच हॉस्पिटलात, ओळखीने. फिल्म मी स्वतः उजेडाला धरून बघितली, मग रेडिओलॉजिस्टला दोनदा विचारलं. हाड धडधाकट. तडा नाही, सूजसुद्धा नाही. पोटरी आखडली होती, बाकी काही नाही. दोन मिनिटं ताणून धरली असती तर ती पुढे पळाली असती.

मी फोन करून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. "आमटी उतू जातेय," म्हणाली आणि फोन ठेवला.

आमचं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मी ते निस्तरलं असतं, मला निस्तरता येतं. मंडळात भेटायचो, मुलींची चौकशी करायचो. पण सकाळी पावणेसातला फोन वाजेनासा झाला. मी शनिवारी एकटी पळायला लागले आणि मुद्दाम तिच्या गल्लीतून जायला लागले. तिचं गॅरेज बंद असायचं. मला वाटलं, सोडलं तिने. मला वाटलं, माझ्यामुळे सोडलं.

पुढच्या जानेवारीत आमच्या विभागातल्या चौघांना मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत ड्यूटी होती. ओळीने टेबलं मांडलेली, पळून आलेले लोक वाकडेतिकडे चालत येतात, आम्ही बर्फ लावायचा, पट्ट्या बांधायच्या, गोळे सोडवायचे. तंबूची कनात रेषेकडून बंद होती. बाहेर टाळ्या ऐकू येत होत्या, दिसत काही नव्हतं. दुपारपर्यंत मी साठेक पायांवरून हात फिरवला असेल. एका लठ्ठ गृहस्थांच्या टाचेला पट्टी बांधून मी मान वर न करताच "नेक्स्ट" म्हटलं.

टेबलावर नलिनी येऊन पडली. गळ्यात पदक.

मी "कधी?" एवढंच विचारलं.

"आत्ता. दहा मिनिटं झाली असतील."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू तक्ता केला असतास."

"उपास?"

"यंदा नाही. यंदा महादेवाला सांगितलं, तू तुझं बघ, मी माझं बघते."

"कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय उरलं होतं?" ती म्हणाली. "तुझंच सगळं पाठ होतं. शुक्रवारी ऑफिसला जायच्या आधी शरद सायकलवर पाणी घेऊन यायचा. फार बडबडतो गं तो पळताना."

मी खाली बघून हसले. मग विचारलं, "दुखतंय कुठे?"

"डावी पोटरी. आखडलीय."

मी पोटरी हातात घेतली आणि ताणून धरली. दोन मिनिटं लागली. सोळा आठवडे एकदा आणि न सांगता पुन्हा किती कोण जाणे, ही बाई त्या रेषेसाठी पळत होती, आणि तिने ती ओलांडली तेव्हा मी वीस फुटांवर कनातीआड एका अनोळखी माणसाची टाच धरून बसले होते. याचा राग कोणावर काढायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. यादी केली तर पहिलं नाव माझंच येतं.

तिच्या मागे सात-आठ जण उभे होते. पोटरी सैल झाली. ती टेबलावरून उतरली, पाय टेकवून बघितला, पदक सरळ केलं.

"थँक यू," ती म्हणाली. पेशंट म्हणतात तसं.

ती कनात बाजूला करून गेली तेव्हा बाहेरून मुलींचा आरडाओरडा ऐकू आला. शरद काहीतरी मोठ्याने सांगत होता. मला जायचं होतं. पण टेबलावर पुढचा माणूस येऊन पडला होता आणि त्याच्या दोन्ही मांड्यांत गोळे आले होते.